नागरिकत्व नाकारल्याचेही कागद असतात

महोदय,

परदेशी स्थायिक झालेल्या पूर्वजांची कागदपत्रे कशी शोधावीत, यावरचा रविवार पुरवणीतला लेख वाचला. लेख उपयुक्त आहे, पण नागरिकत्वाचे प्रमाणपत्र सापडले नाही तर अमेरिकेतला शोध थांबवावा, हा त्यातला सल्ला मला पटला नाही. १९४६ पूर्वी तिकडे गेलेल्या आपल्या माणसांच्या बाबतीत तर तो अजिबात मानू नये.

माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ पहिल्या महायुद्धाआधी मुंबईहून निघाले, ते कॅलिफोर्नियातच राहिले. प्रमाणपत्रांच्या सूचीत त्यांचे नाव नाही, आणि ते असणे अवघडच होते. त्या काळच्या कायद्याने नागरिकत्व गोऱ्यांना आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांनाच मिळे. हिंदुस्थानी माणसाला काही न्यायाधीश गोऱ्यांत धरत, काही धरत नसत. १९ फेब्रुवारी १९२३ रोजी नागरिकत्व मागणाऱ्या भगतसिंग थिंड या शीख गृहस्थांच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ही वाट बंद केली. मग सरकार आधी दिलेली नागरिकत्वेही रद्द करवून घेऊ लागले. थिंड यांचे वकील सखाराम गणेश पंडित यांच्यावरही तीच वेळ आली. ते लढले आणि १९२६ मध्ये अपिलात जिंकले. इतर बहुतेकांना हिंदुस्थानींसाठी नागरिकत्वाची वाट उघडणाऱ्या २ जुलै १९४६ च्या ल्यूस-सेलर कायद्यापर्यंत थांबावे लागले.

पण नागरिकत्व मिळाले नाही म्हणून केलेला अर्ज नाहीसा होत नाही. २७ सप्टेंबर १९०६ पासून केंद्र सरकारकडे जी फाइल तयार होई ती नागरिक झालेल्यांची. फेटाळलेले अर्ज आणि नागरिक होण्याचा इरादा जाहीर करणारा पहिला कागद मात्र न्यायालयाच्या दप्तरात पाहावा लागतो. उत्तर कॅलिफोर्नियातल्या केंद्रीय न्यायालयांची अशी जुनी दप्तरे सॅन ब्रूनोच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत.

आमच्या काकाआजोबांचा तो पहिला कागद मिळाला. उंची, वजन, डोळ्यांचा रंग, जहाज, उतरल्याचे बंदर, पंचम जॉर्जवरची निष्ठा सोडण्याचा इरादा आणि खाली त्यांची सही. ‘कपाळावर डावीकडे व्रण’ हे वाचून दाखवताच आमची आत्या म्हणाली, “अरे, विहिरीच्या काठावरून पडला होता तो! दादा सांगायचे.” आडनावाचे स्पेलिंग इतके बिघडलेले होते की त्या व्रणावाचून आमची खात्री पटली नसती.

प्रत्यक्ष अर्जापर्यंत मजल गेली असेल तर त्यात दोन साक्षीदारांची नावे आणि पत्तेही मिळतात. परक्या मुलुखात आपल्या माणसाच्या बाजूने कोण उभे राहिले, हे कळणे मला फार मोलाचे वाटते.

ज्यांनी अर्जच केला नाही, त्यांच्यासाठी १९४० ची परकीयांची नोंदणी पाहावी. चौदा वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक बिगरनागरिकाला तेव्हा बोटांचे ठसे देऊन अर्ज भरावा लागला होता. ते अर्ज तिथल्या नागरिकत्व व स्थलांतर विभागाच्या वंशशोध कार्यक्रमातून मागवता येतात. आणखी एक. १९२० आणि १९३० च्या जनगणनेत वंशाच्या रकान्यात हिंदुस्थानी माणसाला सरसकट ‘हिंदू’ लिहीत, मग तो शीख असो की मुसलमान. कोकणातल्या मुस्लिम खलाशांच्या वारसांनी ती नोंद दुसऱ्या कुणाची म्हणून सोडून देऊ नये.

पुढच्या पुरवणीत एवढी दुरुस्ती छापावी, ही विनंती. आणि घरातल्या थोरल्यांना अशा माणसांच्या अंगावरच्या खुणा, जहाजांची नावे, टोपणनावे आठवत असतील, तर वाचकांनी ती आजच लिहून घ्यावीत.

– एक वाचक, सातारा