माफीनाम्यावर सही करू न देणाऱ्या वकीलबाईंना

आदरणीय वकीलबाई,
सादर नमस्कार.

दावा फेटाळला गेला त्या दिवशी कोर्टाच्या गर्दीत आपले आभार मानायचे राहून गेले. ज्यांच्या हाती आज अशीच नोटीस पडली असेल त्यांनाही वाचता यावे, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

कामगारांच्या थकलेल्या वेतनाबद्दल मी लेख लिहिला आणि कंपनीने अब्रुनुकसानीचा दावा लावला. मागितलेली भरपाई माझ्या जन्मभराच्या कमाईहून अधिक होती आणि नोटिशीसोबत माफीनाम्याचा मसुदा तयार होता. मी सही करण्याच्या बेतात होतो. पहिल्या भेटीत आपण फीचा विषयही न काढता लेखातील एकेक वाक्याखाली पेन्सिलीने खूण करत ‘याला पुरावा काय?’ एवढेच विचारत गेलात आणि शेवटी म्हणालात, ‘मग माफी कशाची?’

टीका करणाऱ्याला गप्प बसवण्यासाठी लावल्या जाणाऱ्या अशा दाव्यांना अमेरिकेतील डेन्व्हर विद्यापीठातील जॉर्ज प्रिंग आणि पेनेलोपी कॅनन यांनी १९८०च्या दशकात ‘स्लॅप’ हे नाव दिले, हे मला आपल्याकडूनच कळले. वादीला इथे निकालाची घाई नसते, त्याला तारखा हव्या असतात. कारण त्याच्या वकिलांची फी कंपनीच्या हिशेबवहीत किरकोळ खर्च म्हणून जिरून जाते, तर प्रतिवादीचा मात्र प्रत्येक तारखेला रोजगार बुडतो, आणि तो खचला की निकालाची गरजच उरत नाही.

हेलन स्टील आणि डेव्ह मॉरिस यांची हकिगतही आपण सांगितलीत. मॅकडोनाल्ड्सवर टीका करणाऱ्या पत्रकावरून १९९० मध्ये त्यांच्यावर दावा झाला. ब्रिटनमध्ये अशा खटल्यांना सरकारी कायदेविषयक मदत मिळत नसल्याने, तुटपुंज्या मिळकतीची ही दोन माणसे नामांकित वकिलांसमोर तीनशेहून अधिक दिवस बहुतांशी स्वतःच उभी राहिली. ती मदत नाकारल्याने त्यांचा न्याय्य सुनावणीचा आणि अभिव्यक्तीचा, असे दोन्ही हक्क डावलले गेले, असा निर्णय युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने दिला तो २००५ मध्ये. पैशाअभावी बोलण्याचा हक्क कसा पोकळ होतो, हे मला त्या निर्णयाइतके स्पष्ट अन्य कशातून कळले नव्हते.

एक सल मात्र आहे. माझ्याबरोबरच नोटीस आलेल्या एका माजी कामगाराने माफीनाम्यावर सही केली. त्याचे म्हणणे माझ्याइतकेच खरे होते, पण त्याला आपण भेटला नव्हतात. कॅलिफोर्नियात १९९२ पासून असा दावा सुरुवातीलाच रद्द करून घेण्याची आणि प्रतिवादीच्या वकिलाचा खर्च वादीवर टाकण्याची सोय कायद्यात आहे. तशी सोय त्याला असती, तर आपल्यासारखे कुणी भेटण्यावर त्याचे सारे अवलंबून राहिले नसते.

लेखातील एकही वाक्य बदललेले नाही. आपल्या पेन्सिलीच्या खुणा असलेली प्रत मी जपून ठेवली आहे. तिची नक्कल त्या कामगारालाही पाठवत आहे.

आपला कृतज्ञ पक्षकार