रोटरी गाडीचं मीटर नंतर बघा, आधी गरम इंजिनवर सेल्फ मारा

मा. संपादक,
स.न.

तुमच्या वाहन पुरवणीत जुन्या स्पोर्ट्स कार घेताना काय बघावं यावर लेख आला होता तो वाचला, एकंदर छान जमलाय, पण त्यात माझदाच्या आरएक्स-७ आणि आरएक्स-८ ला बाकीच्या गाड्यांच्याच रांगेत बसवलंय आणि सल्ला पण तोच, की मीटर किती पडलंय बघा आणि ऑइल खात नाही ना तेवढं विचारून घ्या. पिस्टनच्या इंजिनला हे चालतं हो. पण या दोन माझदांमध्ये रोटरी इंजिन आहे, पिस्टनऐवजी आत फिरणारे रोटर, आणि रोटरीला हे दोन्ही प्रश्न उलटे पडतात, आणि जी एक गोष्ट खरंच बघायला हवी तिचा लेखात उल्लेखच नाहीये, म्हणून हे पत्र.

ती गोष्ट म्हणजे गरम इंजिन परत चालू होतं का. गाडी चांगली अर्धा-पाऊण तास पळवा, इंजिन पूर्ण तापू द्या, मग बंद करून पाच-दहा मिनिटं तशीच उभी ठेवा आणि अ‍ॅक्सिलरेटरला पाय न लावता सेल्फ मारा. तब्येतीचं इंजिन एक-दोन सेकंदात पकडतं. थकलेलं इंजिन नुसतं फिरत राहतं, फिरत राहतं, मग कसंबसं लागतं किंवा लागतच नाही, आणि तीच गाडी दोन तासांनी गार झाल्यावर अशी पटकन चालू होते की जणू काही झालंच नव्हतं. त्यामुळे मालकाला वाटतं की बॅटरीचा प्रॉब्लेम असेल, प्लग असतील. बऱ्याचदा तसं नसतं, कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिनच्या आत हवा-पेट्रोलवर पडणारा दाब, गेलेलं असतं. गार असताना ऑइल घट्ट असतं, त्याचा थर हा दाब अडवून धरणाऱ्या सीलच्या फटी थोड्या बुजवतो, गरम झाल्यावर तेच ऑइल पातळ होतं, त्यात तापलेली स्टार्टर मोटर पण जरा हळू फिरते, आणि मग पेट्रोल पेट घेण्याइतका दाब तयारच होत नाही.

आता यातली विकणाऱ्यांची युक्ती सांगतो, जी माहीत नसेल तर माणूस हमखास फसतो. स्टार्टर नवीन आणि जास्त ताकदीचा बसवला, बॅटरी नवी टाकली की इंजिन जास्त जोरात फिरतं आणि कमी कॉम्प्रेशनवरही काही दिवस चालू होतं. म्हणजे "नुकताच नवा स्टार्टर टाकलाय साहेब" हे वाक्य ऐकलं की खूश व्हायचं नाही, कान टवकारायचे. जुना स्टार्टर खरंच मेला असेलही, पण का बदलला हे विचारायलाच पाहिजे.

कॉम्प्रेशन मोजायचं तरी कसं यातही गोंधळ आहे. रोटरीत पिस्टन नाही, तिकोनी रोटर आहे, त्याच्या तीन बाजू म्हणजे तीन चेंबर, आणि तीन टोकांना एपेक्स सील. साधा कॉम्प्रेशन गेज लावला तर तो तिघांतल्या सगळ्यात चांगल्या चेंबरचा आकडा धरून ठेवतो, उरलेले दोन मेलेले असले तरी गेज म्हणणार सगळं मस्त. म्हणून रोटरीचा वेगळा टेस्टर लागतो जो तिन्ही बाजू सुट्या दाखवतो, आणि टेस्ट गरम इंजिनवरच करायची. आरएक्स-८ च्या रेनेसिस इंजिनला कंपनीचं प्रमाण आहे २५० आरपीएमला ८३० किलोपास्कल, आणि किमान ६८०, म्हणजे गॅरेजच्या भाषेत ६.८ बार. स्टार्टर किती आरपीएमने फिरत होता हे लिहिलेलं नसेल तर त्या कागदाला काही अर्थ नाही, कारण वेगात फिरवलं की आकडा आपोआप वर जातो, वर सांगितलेली नव्या स्टार्टरची गंमत इथेही चालते.

आकड्यांतून रोग पण कळतो. एका रोटरचे तिन्ही आकडे सारखेच पण खाली असतील तर ती सरळ झीज. दोन शेजारचे पडलेत आणि तिसरा चांगला आहे तर एपेक्स सील किंवा तिच्या कोपऱ्यातली कॉर्नर सील, कारण टोकावरची सील दोन चेंबरच्या मधे असते आणि ती गेली की दोघांचाही दाब जातो. एकच पडला असेल तर संशय रोटरच्या कडेला बसणाऱ्या साइड सीलवर. टेस्टर नसेल तर निदान कान लावा. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण तळाला दाबून सेल्फ मारला की इंजेक्टर बंद राहतात, इंजिन पेटत नाही, नुसतं फिरतं, तेव्हा चफ-चफ-चफ-चफ असा एकसारखा आवाज यायला हवा. मधेच एखादा चफ गाळला जात असेल, आवाज लंगडत असेल, तर तिथेच समजून जा. फुकटात होणारी याच्याइतकी चांगली टेस्ट दुसरी नाही.

ऑइलचं म्हणाल तर रोटरी ऑइल खाणारच, ती तशीच बनवलीये. मीटरिंग पंप मुद्दाम थोडं थोडं इंजिन ऑइल आत सोडतो, सील आणि हाऊसिंगच्या, म्हणजे रोटर ज्या कवचात फिरतो त्याच्या, मधे वंगण म्हणून, आणि ते पेट्रोलबरोबर जळून जातं. म्हणून दर एक-दोन टाक्यांना डिपस्टिक बघायची सवय लागते. मालक अभिमानाने सांगत असेल की "माझी गाडी थेंबभर पण ऑइल खात नाही" तर मला तरी भीती वाटते, पंप चालत नसेल किंवा नळ्या चोंदल्या असतील, म्हणजे सील कोरड्या घासतायत. काही लोक टाकीत टू-स्ट्रोकचं ऑइल मापाने मिसळतात, ती चांगली सवय आहे, पण झिजलेली सील त्याने परत उगवत नाही.

कूलंटकडे तर कोणी बघतच नाही. या इंजिनला हेड गॅस्केट नाही, लोखंडी आणि अ‍ॅल्युमिनियमचे भाग एकावर एक रचून लांब बोल्टने आवळलेले असतात आणि त्यांच्या मधे पाण्याच्या सील. एकदा गाडी जोरदार तापली की अ‍ॅल्युमिनियम लोखंडापेक्षा जास्त फुगतं आणि या सील चेपतात. मग सुरुवात अगदी बारीक होते, कूलंटची बाटली महिन्या-दोन महिन्याला थोडी उतरते, खाली गळती कुठे दिसत नाही, रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी चालू केली की पहिले काही सेकंद दोनपैकी एकाच रोटरवर धडधडते, पांढरा गोडसर वासाचा धूर येतो आणि मग सगळं सुरळीत. रात्री गरम सिस्टीममधल्या दाबाने थोडं कूलंट चेंबरमध्ये शिरलेलं असतं ते सकाळी जळतं, बाकी काही नाही. बाटलीत बुडबुडे दिसायला लागले की मात्र इंजिन उतरवायची तयारी ठेवा. आणि आरएक्स-८ च्या टेंपरेचरच्या सुईवर विसंबून राहू नका, ती बऱ्याच मोठ्या टप्प्यात मधोमध ठाण मांडून बसते, हलते तेव्हा उशीर झालेला असतो. वेगळा गेज बसवून घेतलेला बरा.

इग्निशन कॉइलबद्दल थोडक्यात. प्रत्येक रोटरला दोन प्लग असल्याने एक कॉइल कमजोर झाली तरी गाडी बंद पडत नाही, फक्त पिकअप जरा मेल्यासारखा वाटतो, आणि न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, तो आतून वितळतो, चोंदतो, आणि कोंडलेली उष्णता परत इंजिनच्याच सीलवर बसते. म्हणजे स्वस्तातली कॉइल वेळेवर न बदलल्याने अख्खं इंजिन जातं. गाडी खालच्या आरपीएमला ठीक पण वर चढायला तयारच नाही, असं असेल तर इंजिनला दोष देण्याआधी कॅट तपासा.

तशी एक गोष्ट इंजिनच्या बाजूनेही सांगायला हवी. गार गाडी चार हात पुढे सरकवून लगेच बंद केली की रोटरी फ्लड होते, म्हणजे आत जादा पेट्रोल साचतं, त्या पेट्रोलने सीलवरचं ऑइल धुतलं जातं आणि ती चालू होत नाही. एकदा असं झालं म्हणून इंजिन संपलं असं नाही, वर सांगितलं तसं अ‍ॅक्सिलरेटर दाबून फिरवलं की बहुतेक वेळा मोकळी होते. सारखीच फ्लड होत असेल तर मात्र कॉम्प्रेशनकडे वळा.

आणि वर जी लक्षणं सांगितली ती हळूहळू मरणाऱ्या इंजिनची. तिसऱ्या पिढीच्या ट्विन टर्बो आरएक्स-७ ला हे सगळं लागू होईलच असं नाही. तिथे हलकं पेट्रोल किंवा वाढवलेला बूस्ट (टर्बोचा दाब) यामुळे नॉकिंग झालं, म्हणजे पेट्रोल अवेळी भडकलं, की एपेक्स सील एका क्षणात फुटते, कधीकधी तुकडा एक्झॉस्टमधून जाऊन टर्बोच्या पात्यांवर आदळतो, कसली आलीये पूर्वसूचना.

मीटरबद्दल शेवटी बोलतो कारण लेखात त्यालाच सगळ्यात जास्त जागा दिलीये. हायवेवर लांब पळालेली, अधूनमधून लाल रेषेपर्यंत ओढलेली जास्त किलोमीटरची गाडी, रोज पाच मिनिटं हळूहळू फिरवलेल्या कमी किलोमीटरच्या गाडीपेक्षा कितीतरी चांगली असू शकते, कारण हळू आणि थोडं थोडं चालवल्याने कार्बन साठतो आणि सील आपल्या खाचेत अडकतात. "आजोबांनी जपून वापरलेली" ही जाहिरात रोटरीच्या बाबतीत कौतुकाची नाही. अमेरिकेत तर माझदाला २००४ ते २००८ च्या आरएक्स-८ च्या इंजिनची वॉरंटी ८ वर्षं किंवा १ लाख मैलांपर्यंत वाढवावी लागली होती, म्हणजे कमी पळालेल्या गाड्यांची इंजिनंही जात होती हे कंपनीलाही माहीत होतं. त्यामुळे जास्त पळालेली गाडी दिसली की पहिला प्रश्न हा असावा की यातलं हे कितवं इंजिन आहे, दुरुस्तीची बिलं आहेत का, आणि दुरुस्तीत नुसत्या सील बदलल्या की हाऊसिंगही बदलले. ओरखडलेल्या हाऊसिंगमध्ये नव्या सील टाकून बांधलेलं इंजिन फार दिवस टिकत नाही.

गरम कॉम्प्रेशन किमान आकड्याखाली आलं असेल तर कुठलंही ऑइल, कुठलंही अ‍ॅडिटिव्ह, कुठलाही प्लग ते वर आणणार नाही, तेव्हा गाडीच्या किंमतीतून इंजिन बांधणीचा पूर्ण खर्च वजा करा आणि मगच बोलणी सुरू करा. विकणारा गरम टेस्टला तयारच नसेल तर बोलणी करायचीही गरज नाही.

कळावे,
पुरवणीचा नेहमीचा वाचक