कांस्यपदक मिळाले, पण बर्फाचे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

संयुक्त अरब अमिरातीतील अल ऐन येथे २०२५ मध्ये झालेल्या महिलांच्या आशिया चषक आइस हॉकी स्पर्धेत भारताने कांस्यपदक मिळवले. तेव्हापासून या संघाविषयी जे काही छापून येते त्यात कौतुकाचा सूर असतो आणि तो योग्यच आहे. मात्र या मुलींना वर्षातले किती महिने सरावाला बर्फ मिळतो, हा प्रश्न त्यात क्वचितच येतो.

संघातील बहुतेक खेळाडू लडाखच्या आणि काही हिमाचल प्रदेशातील आहेत. तिकडे गोठलेल्या तळ्यावर, किंवा मैदानात रात्री पाणी सोडून तयार केलेल्या बर्फावर खेळ चालतो, तोही ऐन हिवाळ्यातले दोन-तीन महिने. अल ऐनची स्पर्धा सुरू झाली मेअखेरीस! शिवाय पक्क्या रिंकभोवतीचा, म्हणजे बर्फाच्या बांधीव मैदानाभोवतीचा, कठडा हा खेळाचाच भाग असतो; पक (चेंडूऐवजी वापरली जाणारी रबरी चकती) त्यावर आपटून नेमका कुठे येईल याचा अंदाज घेऊनच पास दिले जातात आणि ही नजर उघड्या तळ्यावर तयार होणे कठीण.

या स्पर्धेत इराणने सुवर्ण आणि फिलिपिन्सने रौप्य जिंकले. फिलिपिन्समध्ये बर्फ पडत नाही. तिथला खेळ मनिलाच्या मॉलमधील रिंकवर वाढला. इराणच्या महिलांनाही तेहरानच्या एका मॉलमधील रिंकचा मोठा आधार मिळाला. २०१६ मध्ये लोकवर्गणीच्या मदतीने तैपेईला पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळायला गेलेल्या आपल्या संघाने पुढच्याच वर्षी बँकॉकमध्ये याच फिलिपिन्सला ४-३ असे हरवले होते. आज ते आपल्या पुढे आहेत, आणि हिमालय मात्र आपल्याकडे आहे.

देहरादूनला पूर्ण मापाची बंदिस्त रिंक २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धेसाठी बांधली गेली आणि नंतर अनेक वर्षे बंद पडून राहिली. २०२५ मध्ये ती पुन्हा सुरू झाली आणि तिथे स्केटिंगची आशियाई स्पर्धाही पार पडली. उद्घाटनाच्या फिती कापल्या जातात, त्यांच्या बातम्याही येतात. पण विजेचे बिल आणि देखभाल यांचा भार पुढे कोण उचलतो, यावरच रिंक चालू राहते की नाही हे ठरते.

म्हणून विनंती एवढीच की, आपल्या क्रीडा प्रतिनिधींनी पुढच्या आशिया चषकाआधी देहरादूनच्या रिंकवर महिला संघाला प्रत्यक्ष किती तास सराव मिळाला याची चौकशी करावी आणि तो आकडा छापावा.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे