जेरुसलेमच्या सावलीतले लाखीश

महोदय,

जेरुसलेमच्या इतिहासावरील लेख आवडला, पण त्यात लाखीशचे नावही नसावे हे खटकले. जेरुसलेम राजधानी असलेल्या यहूदाच्या प्राचीन ज्यू राज्यातले हे दुसऱ्या क्रमांकाचे शहर. इ.स.पू. ७०१ मध्ये अश्शूरचा (असिरियाचा) राजा सन्हेरीब याने ते जिंकले. तटावर चढाई करण्यासाठी त्याने भिडवलेला दगडी उतार आजही तेथे दिसतो. जेरुसलेम काही त्याच्या हाती लागले नाही. म्हणूनच की काय, आपली राजधानी निनवे येथील राजवाड्यात त्याने लाखीशचा विजय भिंतभर कोरून घेतला! ते शिल्पपट आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांत तटावरून पेटत्या मशाली फेकणारे लढवय्ये आहेत, तसेच बैलगाडीत बसून परागंदा होणारी बायकामुलेही.

पुढे बॅबिलोनचा राजा नबुखद्नेस्सर याची स्वारी आली. बायबलमधील यिर्मया या संदेष्ट्याच्या ग्रंथानुसार तेव्हा जेरुसलेमखेरीज लाखीश आणि अजेका ही दोनच तटबंदीची शहरे तग धरून होती. १९३५ मध्ये लाखीशच्या वेशीजवळ शाईने लिहिलेल्या खापऱ्या सापडल्या. त्यांतल्या एकीवर बाहेरच्या ठाण्यावरचा शिपाई कळवतो की, आम्ही लाखीशच्या अग्निसंकेतांवर नजर ठेवून आहोत, अजेकाचे दिसत नाहीत.

लेखमाला पुढे चालू राहणार असेल, तर लाखीशवर स्वतंत्र लेख जरूर द्यावा.

– एक वाचक, ठाणे