छत्रीवरची नावं आणि आपल्या शाळेतली पाटी

ब्रायटन, इंग्लंड,
जून, सोमवार

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

काल छत्रीला जाऊन आलो. रात्री नीट झोप लागली नाही, म्हणून सकाळी पत्रच लिहायला घेतलं. फोनवर एवढं सगळं सांगून झालं नसतं.

छत्री म्हणजे आपल्याकडे राजेरजवाड्यांच्या समाधीवर असते तशीच. शाळेच्या सहलीत पुण्याची शिंदे छत्री पाहिली होती, आठवते? ही मात्र पहिल्या महायुद्धातल्या आपल्या शिपायांची, ब्रायटनच्या मागच्या टेकड्यांवर, पॅचम गावाच्या वर, मोकळ्या माळावर उभी आहे. पांढरा संगमरवर, आठ खांब, वर घुमट. आराखडा मुंबईच्या हेन्रिक्स नावाच्या तरुण वास्तुविशारदाचा. गाडी वरपर्यंत जात नाही, चढण पायीच चढावी लागते. वर पोचून मागे वळलं की शहर आणि त्यापलीकडे समुद्र दिसतो.

१९१४ च्या डिसेंबरपासून फ्रान्सच्या आघाडीवर जखमी झालेले आपले शिपाई या गावात आणले जाऊ लागले. इथे एका जुन्या राजाचा घुमटांचा महाल आहे, त्याचंच इस्पितळ केलं. एक शाळा आणि गरिबांसाठीचं वर्कहाउसही घेतलं. तिन्ही ठिकाणी मिळून सुमारे १२,००० जण येऊन गेले. महालात जातीधर्माप्रमाणे नऊ स्वयंपाकघरं, हिंदू-मुसलमानांना पाण्याचे वेगळे नळ. या व्यवस्थेचे फोटो सरकारने पुष्कळ वाटले. पण वर्कहाउसच्या इस्पितळाभोवती काटेरी तार होती, पहारा होता, आणि बरे होत आलेल्या शिपायांना गावात मोकळं फिरायला मनाई होती. मी पाहुण्यांना महाल दाखवतो तेव्हा हेही सांगतो. एक सांगून दुसरं गाळणं मला जमत नाही.

इस्पितळात जे मुसलमान शिपाई वारले त्यांना इथल्याच वोकिंग गावच्या मशिदीजवळ दफन केलं. हिंदू आणि शीख मिळून ५३ जणांना या टेकडीवर आणून अग्नी दिला आणि राख समुद्रात सोडली. चितेच्या जागेवर आता ग्रॅनाइटच्या तीन शिळा आहेत. छत्रीचं अनावरण १ फेब्रुवारी १९२१ ला झालं. दुसऱ्या महायुद्धात इथे लष्कराचा सराव चाले, तेव्हा गोळ्या लागून तिचं बरंच नुकसान झालं. मग डागडुजी झाली, आणि १९५१ पासून दर जूनमध्ये इथे मानवंदना होते.

काल माजी सैनिकांची रांग चढण चढताना बघितली आणि तुझी आठवण झाली. कोटावर पदकं, हातात काठी, गुडघे दुखत असणार, पण मधे थांबायचं नाव नाही. पगडीवाले शीख आजोबा, त्यांच्याशेजारी तितकेच म्हातारे गोरे सैनिक. निशाणं खाली झुकली, बिगूल वाजला आणि सगळे स्तब्ध उभे राहिले. वारा एवढा होता की निशाणांचं फडफडणं तेवढं ऐकू येत होतं. त्यानंतर एकेक जण पुष्पचक्र ठेवून, दोन पावलं मागे सरून सलाम करायचा. तुझी पदकं बेळगावहून आणलेल्या त्या ट्रंकेत पडून आहेत, ते मला नाही आवडत.

छत्रीजवळ एक दगडी फलक आहे. त्यावर ५३ नावं आहेत. ती कोरली गेली २०१० साली. म्हणजे चिता पेटल्याला जवळजवळ शतक होत आलं होतं. मी ती सावकाश वाचली, शेवटपर्यंत.

तिथेच मला आमच्या घरचे 'बसऱ्याक गेलेले' आठवले. माझ्या आजीच्या सासऱ्यांचे भाऊ. मराठा पलटणीतून मेसोपोटेमियाला, म्हणजे आजच्या इराकला गेले, त्यांचं पुढे काहीच कळलं नाही. आजी एवढंच म्हणायची, "बसऱ्याक गेले ते काय परत इले नाय." तिच्या नथीत बसऱ्याचे मोती होते, त्यामुळे लहानपणी मला वाटायचं ते मोती आणायला गेले. त्यांचं नाव तिने कधी उच्चारलं नाही. सुनेने सासरच्या थोरांचं नाव कसं घ्यायचं? आज घरात कुणालाच ते नाव ठाऊक नाही.

बसऱ्याला मोठं स्मारक आहे, ४०,००० च्यावर सैनिकांचं. गोऱ्यांची नावं भिंतीवर कोरली. आपल्या साध्या शिपायांची नाही. पलटणीखाली नुसता आकडा घातला. युद्धसमाध्या सांभाळणाऱ्या आयोगाने २०२१ मध्ये अशा भेदभावाबद्दल माफी मागितली. माफी मागितली हे चांगलंच झालं, पण त्यांच्या नोंदींमध्ये शोधायचं तरी आधी नाव हवं.

आणि आपल्या शाळेतली ती संगमरवरी पाटी आठव. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावातून इतके गेले, पैकी इतके कामी आले. तिथेही आकडाच. तिच्या शेजारी कोळशाने स्टंप काढून आपण खेळायचो. त्या आकड्यात आमचे ते चुलत पणजोबा आहेत हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही.

आता तुला काम सांगतो. तलाठ्याकडे आमच्या जमिनीचे जुने फेरफार बघ, १९१६ ते १९२५ पर्यंतचे. मयताच्या नावावर वारस लावताना नाव लिहावंच लागतं. शिवाय वरच्या वाडीतल्या थोरल्या आत्यांना विचार. त्या माहेरवाशीण, आमच्या घराण्याची सून नव्हेत. त्यांना नाव घ्यायला अडचण नाही. त्या नव्वदीच्या पुढे आहेत, म्हणून आधी त्यांच्याकडेच जा. शाळेत जाऊन पाटीचा फोटो काढ, आणि पाटीवर चुना लागला असेल तर ओल्या फडक्याने पूस, खरवडू नकोस.

नाव मिळालं की रात्री-अपरात्री कधीही फोन कर.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
शाळेतला बाकसोबती