मांगरातल्या सायकली आणि शनिवारची बाटली

पोर्टलंड, ओरेगन

प्रिय दादा,

ती. आईआप्पांना साष्टांग नमस्कार. वहिनीला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. आपल्या मांगरात सायकल दुरुस्तीची जागा सुरू करताय, वाडीतली पोरं फुकट हात लावणार, शिरोड्याला शाळेत जाणाऱ्या मुलींच्या गंजलेल्या सायकली पुन्हा रस्त्यावर येणार, हे वाचून मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. वेळागरच्या खाऱ्या वाऱ्यात साखळी पावसाळाभर तेल न देता ठेवली की तिची काय गत होते ते आपण लहानपणापासून बघतोय. पण शेवटी तू सहज लिहिलंस ना, की शनिवारी काम आटपल्यावर पोरं तिथेच बाटली घेऊन थोडं बसणार, फुकट राबतात तर तेवढं चालायचंच, ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. दादा, हे चालवू नको. आणि जागा उघडायच्या आधीच ठरवून टाक, कारण एकदा रीत पडली की मोडताना माणसं दुखावतात.

मी इथे ज्या दुकानात जाते तेही तुझ्या मांगरासारखंच. लोक जुन्या सायकली आणून देतात, स्वयंसेवक त्या दुरुस्त करतात, आणि ज्याला स्वतःची सायकल स्वतः नीट करायची आहे त्याला जागा, पाने आणि शेजारी उभं राहून शिकवणारं माणूस मिळतं. पैसे नसतील त्याने काही तास दुकानाचं काम करायचं. अशी दुकानं अमेरिकेत बऱ्याच शहरांत आहेत आणि बिअरचा प्रश्न त्यातल्या बहुतेकांपुढे कधी ना कधी येतोच. पगार नाही, मग आभार कसे मानायचे? दार बंद झालं की एकेक बिअर, हे उत्तर सगळ्यात सोपं. त्यात पोर्टलंड म्हणजे बिअर गाळणाऱ्यांचं शहर. इथल्या कारखान्यांकडून कार्यक्रमांना बिअर देणगी म्हणून मिळते, ती विकून दुकानाचं भाडं भागवावं असंही कुणाला तरी सुचतंच.

बिअरच्या बाजूने बोलणारी माणसं वाईट नाहीत. दिवसभर ग्रीसमध्ये हात घातल्यावर चार जण एकत्र बसतात, ओळखी होतात, नवा मुलगा पुढच्या आठवड्यात परत येतो, हे त्यांचं म्हणणं खरंच आहे. म्हणून काही दुकानांत लोकांसाठी दार उघडं असेपर्यंत बंदी आणि नंतर मोकळीक, असा मधला मार्ग काढलेला असतो. आमच्याकडेही तसंच होतं. पण कागदावर दार बंद झालेलं असलं तरी हात काही थांबत नाहीत. बाटली बाकावर, आणि समोर 'एवढा एक ब्रेक लावून टाकतो' म्हणून घेतलेली सायकल. अशीच एक सायकल दुसऱ्या दिवशी न्यायला आले होते. द्यायच्या आधी मी सवयीने दोन्ही ब्रेक मुठीत गच्च दाबले, तर पुढच्या ब्रेकची तार नटातून सरकून मोकळी झाली. नट नुसता टेकवलेला होता, आवळायचा राहिलेला. ती सायकल नऊ-दहा वर्षांच्या मुलीची होती. तिच्या घरापुढे उतार आहे की नाही हे मी विचारलं नाही, माझ्याने विचारवलंच नाही.

त्यानंतर बैठक झाली आणि फार बोलणं झालं. तिथे मला इथला कायदा कळला. १९९७ सालचा एक केंद्रीय कायदा आहे, संस्थेसाठी विनामोबदला काम करणाऱ्याच्या हातून चूक झाली तर त्याला वैयक्तिक भरपाईच्या दाव्यापासून तो बराचसा वाचवतो. पण चूक करताना तो दारूच्या अंमलाखाली असेल तर हे संरक्षण उरत नाही. म्हणजे ती एक बिअर त्या पोराच्या डोक्यावरचं छप्परच काढून घेते. विम्याचंही तसंच. पाहुण्यांना फुकट दिलेली बिअर एक, आणि पैसे घेऊन दिलेली दुसरी. विकायला लागलात की वेगळा परवाना आणि वेगळा विमा. आणि ओरेगनमध्ये पिऊन गाडी चालवण्याचा कायदा सायकललाही लागतो. आमच्या दुकानातून घरी जाणारं जवळजवळ प्रत्येक माणूस सायकलवर बसूनच जातं. पाजणारे आम्ही, आणि सायकलवर बसवून देणारेही आम्हीच!

आपल्याकडचे कायदे वेगळे असतील, पण सैल आहेत असं समजू नको. १९४९ चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे, आणि परवाना नसलेल्या जागेत पिण्याचा अड्डा चालवणं हा त्याखाली गुन्हाच. बिअरला २१ आणि कडक दारूला २५ वर्षांची अट आहे. तुझ्या मंडळातली निम्मी पोरं त्यात बसत नसतील. आरोंद्याचा पूल ओलांडला की गोवा, तिथली स्वस्त बाटली कुणीतरी डिकीत घालून आणणारच. इन्सुलीच्या नाक्यावर गाड्या कशासाठी तपासतात ते तुला मी सांगायला नको. पोलीस मांगरात आले तर सायकली कुणाला दिसणार नाहीत, बाटल्याच दिसतील. मग वहिनीच्या मैत्रिणी आपल्या मुलींना तिथे पाठवतील का? शनिवारी पोरं तिथे बसतात एवढी गजाल वाडीत पसरली तरी पुरे, सोमवारपासून मुली यायच्या बंद. कुणी भांडायला येणार नाही, मुली नुसत्या येणार नाहीत. आणि ही जागा तू त्यांच्यासाठीच काढतोयस ना?

आता खरं सांगते, कायदा आणि पोलीस यांच्यापेक्षा मला बापूकाकांची काळजी जास्त आहे.

चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, त्यांच्यासारखा काढणारं पंचक्रोशीत कोण आहे? चाक फिरवायचं, रिमच्या कडेला अंगठ्याचं नख धरायचं, आणि नख जिथे घासेल तिथली पलीकडच्या बाजूची तार पाव आटा आवळायची. डोळे मिटूनसुद्धा करतील. तुझ्या पोरांना हे शिकवायला त्यांच्याइतकं चांगलं माणूस मिळणार नाही, आणि तू बोलावलंस तर ते पहिल्या दिवशी सगळ्यांच्या आधी येऊन बसतील. पण ते पुण्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात राहून आले त्याआधीची वर्षं तुलाही आठवतात. १९८६ साली अवचटांनी ती जागा उभी केली म्हणून आपल्या घरातलं एक माणूस परत मिळालं. 'फक्त आजचा दिवस' असं रोज सकाळी स्वतःला बजावून उठणाऱ्या माणसासमोर शनिवारी संध्याकाळी पेले मांडायचे? ते काही बोलणार नाहीत. पहिल्या शनिवारी 'जरा घराकडे काम आसा' म्हणून लवकर उठतील, मग दुसऱ्या शनिवारी येणारच नाहीत, आणि पोरांना वाटेल म्हाताऱ्याला कंटाळा आला.

आमच्याकडे हे झालेलं आहे. फ्रीव्हील उघडून छर्रे एकेक पुसणारी एक बाई दर आठवड्याला यायची, ती यायची थांबली. का ते कुणी विचारलं नाही. पुढे कधीतरी बाजारात भेटली तेव्हा तिने मला सांगितलं, की पिणं सोडल्यावर संध्याकाळी जायला एकच जागा उरली होती आणि तीही गेली. आमच्या बैठकीत मी हेच मांडलं. आता दुकानात दारू अजिबात नाही, दार उघडं असो वा बंद. ज्यांना बसायचं ते दुसरीकडे जाऊन बसतात, त्यांच्यावर कुणाचा राग नाही. दोघंतिघं गेले, बाकीचे राहिले. आणि दुरुस्त झालेली प्रत्येक सायकल दुसऱ्या माणसाने तपासल्याशिवाय बाहेर जात नाही. तू हेही पहिल्या दिवसापासून कर.

कुणी पिऊन आलं तर काय, हे पोरांशी आधीच बोलून ठेव. येईल, नक्की येईल. त्याला हाकलायचं नाही, चारचौघांत अपमान करायचा नाही. हातात पाना आणि ग्राइंडर तेवढा द्यायचा नाही. चहा द्या, सायकल ठेवून घ्या, 'उद्या ये, आपण दोघा मिळान करूया' म्हणा, आणि कुणीतरी घरापर्यंत सोबत जा. बारवाल्याने बॅनरसाठी पैसे देऊ केले तर नको म्हण. मन मोडेल त्याचं, मोडू दे.

आणि पोरांना रिकाम्या हाती ठेवू नको. ती खरंच राबतात, त्यांचं कौतुक व्हायलाच हवं. आई शिरवळ्या करायला एका पायावर तयार होईल, नारळाचा रस घालून. शनिवारी वाडीतल्या एकेका घराने खाणं धाडायचं असं ठरवलंस तर लोकांनाही जागा आपली वाटेल. वर्षभर टिकलेल्या पोराला त्याचा स्वतःचा पान्यांचा संच दे, त्याचे पैसे मी पाठवते. नियमाचा फलक रंगवण्याआधी पोरांना एकत्र बसव आणि त्यांच्याकडूनच वदवून घे. बापूकाकांचं नाव मात्र मध्ये आणू नको, त्यांना ते आवडणार नाही.

गणपतीला इथून एक जण कुडाळला येतोय, सामान न्यायला तयार आहे. साखळी तोडायचं हत्यार आणि तारा आवळायच्या चाव्या देते. फ्रीव्हील काढायचं हत्यारही द्यायचं आहे, पण त्याचे खाचे वेगवेगळे असतात. मांगरात आलेल्या सायकलींची मागची चाकं उघडून आतल्या खाचांचे फोटो पाठव, म्हणजे त्याप्रमाणे घेते.

तुझी,
बाय