आजी, तुमचा लाल-निळा स्कार्फ अजून माझ्याकडेच आहे

आजी,

हे पत्र मी मराठीत लिहितेय म्हणजे तुम्हाला वाचता येणार नाही हे माहितेय मला. पण इंग्रजीत लिहायला बसले की ते ऑफिसच्या ईमेलसारखंच व्हायला लागतं आणि तसली गुळगुळीत ईमेल वाचून तुम्ही कसं नाक मुरडता ते मी बघितलंय. म्हणून आधी इथे आपल्या लोकांसमोर लिहिते, मग रविवारी चहाला आलात की एकेक ओळ वाचून सांगेन.

बाकीच्यांसाठी सांगते, आजी म्हणजे मेलबर्नमधल्या आमच्या बाजूच्या घरातल्या आजी, ऐंशीला टेकलेल्या, एकट्या राहतात. 2018 मधे आम्ही इथे राहायला आलो तेव्हा पहिल्याच दिवशी म्हणाल्या मला नावाने हाक मार, आता मी पडले कराडची, आजीच्या वयाच्या बाईला नुसत्या नावाने हाक मारायला जीभच वळेना, म्हणून मी आजी म्हणायला लागले तर त्यांना ते इतकं आवडलं की पोस्टमनला पण सांगून झालं की माझं नवीन नाव आर्जी.

तर आजी, आभार कशाचे ते आधी सांगते. 2019 मधला तो बुधवार. मी अकाउंट्समधे नवीन होते, प्रोबेशन चालू होतं, आणि मी पेमेंटची फाइल दोनदा अपलोड केली. 41 सप्लायरना डबल पैसे गेले. मॅनेजरने सगळ्यांसमोर जे काय ऐकवलं ते ऐकवलंच, पण माझा जीव कशाने गेला माहितेय का, सिस्टिमने मला विचारलं होतं की ही फाइल आधी गेलीय का आणि मला तो प्रश्नच नीट कळला नव्हता, आमच्याकडे पुण्यात तो वेगळ्या पद्धतीने यायचा. घरी आले, मागच्या पायरीवर बसून रडत होते, नवरा नाइट शिफ्टला गेलेला, आणि मी ठरवून टाकलं होतं की उद्या आजारी आहे म्हणून कळवायचं आणि दुसरी नोकरी बघायची. तुम्ही कुंपणापलीकडे कपडे काढत होतात. काय झालं विचारलंत, मी सांगितलं, आणि तुम्ही ना धीर दिलात ना काही, सरळ विचारलंत की जिम स्टाइन्स कोण ते माहितेय का.

मला कुठून माहिती असणार! मला तेव्हा फुटी, म्हणजे इथला ऑस्ट्रेलियन फुटबॉल, म्हणजे अंडाकृती बॉलच्या मागे पळणारे बिनबाह्यांच्या टीशर्टातले लोक एवढंच माहिती होतं.

मग तुम्ही कपड्यांचे चिमटे कुंपणाच्या फळीवर मांडलेत. ते मी आयुष्यात विसरणार नाही. एक निळा चिमटा, हा समोरच्या हॉथॉर्न क्लबचा गॅरी बकेनारा, याच्याकडे बॉल, याला निवांत किक मारायचा हक्क मिळालाय. त्याच्यासमोर लाल चिमटा, हा आपल्या मेलबर्न क्लबचा माणूस, हा मार्कवर, म्हणजे किक मारणाऱ्यासमोर ठरलेल्या जागी उभा. या दोघांच्या मधल्या जागेतून तिसऱ्या कोणी पळायचं नाही, असा नियम. आणि मग तुम्ही एक पिवळा चिमटा घेतलात आणि त्या दोघांच्या मधून सरळ पळवलात. हा जिम, म्हणालात.

19 सप्टेंबर 1987, वेव्हर्लीचं ग्राउंड, प्रिलिमिनरी फायनल. जिंकणारा ग्रँड फायनलला जाणार. मेलबर्न 1964 नंतर पहिल्यांदा फायनल्समधे, म्हणजे सीझनच्या शेवटच्या बाद फेऱ्यांमधे पोचलेलं, म्हणजे 23 वर्षांनी, आणि तुम्ही स्टँडमधे नवऱ्याचा हात घट्ट धरून बसलेल्या. मॅच संपत आलेली, आपण 4 पॉइंटने पुढे, बकेनारा इतक्या लांब की तिथून गोल होणं कठीण. आणि हा लंबू जिम ज्या हॉथॉर्नवाल्यावर लक्ष ठेवायचं त्याच्यामागे धावता धावता मार्कवरून आडवा गेला. अंपायरने बकेनाराला 15 मीटर पुढे आणलं, भोंगा वाजून गेलेला, त्याने किक मारली, गोल, म्हणजे 6 पॉइंट, आणि आपण 2 पॉइंटने हरलो. ड्रेसिंग रूममधे कोच जॉन नॉर्थी त्याच्यावर ओरडतोय आणि हा मान खाली घालून ऐकतोय, ते पण सगळ्या देशाने टीव्हीवर बघितलं. माझ्या मॅनेजरचं ओरडणं निदान एका मजल्यापुरतं तरी होतं.

मी विचारलं की इतका साधा नियम त्याला माहीत नव्हता का. तर तुम्ही म्हणालात, अगं तो आयरिश होता.

आणि मग तुम्ही कपड्यांची बास्केट खाली ठेवून जे सांगितलंत ते मला तोंडपाठ झालंय. डब्लिनचा पोरगा, जन्म 1966 चा, आयुष्यभर गोल बॉलने गेलिक फुटबॉल खेळलेला, 1984 ला डब्लिनच्या मायनर, म्हणजे लहान वयोगटाच्या टीमकडून ऑल-आयर्लंड स्पर्धा जिंकलेला. तिकडे मेलबर्नचा कोच रॉन बरासी, त्याच्या डोक्यात खूळ की उंच आयरिश पोरं आणून त्यांना आपला खेळ शिकवू, त्यासाठी तिकडे चक्क जाहिरात दिलेली. त्यातून हा 18 वर्षांचा मुलगा 1984 च्या शेवटी विमानात बसून आला. ओव्हल बॉल टप्पा पडला की कुठे उडेल सांगता येत नाही, आणि या खेळात तर पळताना तो बॉल ठरावीक अंतरावर जमिनीवर आपटून परत हातात घ्यावा लागतो. सुरुवातीला इतकं जमेना की शिकायला म्हणून प्रहरान नावाच्या खालच्या लीगमधल्या क्लबकडे धाडलं. 1987 मधे पहिल्यांदा सीनियर टीममधे घेतलं आणि त्याच वर्षाच्या शेवटी हा घोळ.

म्हणजे आजी, बाकीच्यांच्या हाडात भिनलेला नियम त्याच्या अजून डोक्यातच होता, आणि घाईच्या वेळी डोकं कुठे चालतं. मी पुण्याहून आले, तो डब्लिनहून. तुम्ही हे असं बोलून दाखवलं नाहीत, पण मला तिथेच पायरीवर बसल्या बसल्या ते कळलं आणि जरा हायसं वाटलं.

मी विचारलं, मग त्याला काढला का? तुम्ही हसलात. म्हणालात, काढायला तो जागेवरून हलला तर पाहिजे. त्याच 1987 च्या सीझनमधे त्याची सलग मॅचेसची ओळ सुरू झालेली ती थांबली 1998 ला, हात मोडला तेव्हा. 244 मॅचेस सलग. लीगचं रेकॉर्ड. आणि तो रकमन, म्हणजे काय काम, बॉल वर उडाला की समोरच्या तितक्याच धिप्पाड गड्याच्या अंगावर उडी मारायची, गुडघे छातीत घ्यायचे, दर आठवड्याला, 11 वर्षं. मधे 1988 ला ग्रँड फायनल पण खेळला, ती परत त्याच हॉथॉर्नने 96 पॉइंटने जिंकली, ते सांगताना मात्र तुमचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. आणि 1991 ला ब्राउनलो मेडल, म्हणजे सीझनचा सगळ्यात भारी खेळाडू, आणि ते अंपायर मतं देऊन ठरवतात. एका अंपायरने ज्याला शिक्षा दिली त्यालाच चार वर्षांनी अंपायर लोकांनी 25 मतं दिली! परदेशातून आणलेल्या दुसऱ्या कुणालाही ते मेडल अजून मिळालेलं नाही.

हे सगळं सांगून झाल्यावर तुम्ही फक्त एवढंच विचारलंत, उद्या कितीची ट्रेन आहे तुझी? 7:42 ची, म्हटलं. मग लवकर जेव, म्हणालात आणि चिमटे गोळा करून आत गेलात.

मी गेले. 41 जणांना एकेक करून फोन लावला. 38 जणांनी आठवड्यात पैसे परत केले, तिघांनी पुढच्या बिलात वळते केले. आज मी त्याच ऑफिसात आहे आणि नवीन माणूस आला की त्या फाइलचा प्रश्न काय असतो ते पहिल्या दिवशी मीच समजावते.

त्यानंतर तुम्ही मला एमसीजीला नेलंत ती पहिली मॅच. थंडी मरणाची, मी आपली बटाटेवडे करून फॉइलमधे बांधून आणलेले, तुम्ही तुमचा स्कार्फ माझ्या गळ्यात घातलात आणि मी पाच मिनिटांत त्यावर वडा पाडला. हळद ती, जाते होय. तुम्ही म्हणालात राहू दे, आता तो खराखुरा तुझा झाला. त्या दिवशी आपण हरलो. आपण बहुतेक वेळा हरायचोच तेव्हा.

आता दुसरं, आणि खरं सांगायचं तर मोठं. दोन वर्षांपूर्वी मी आमच्या इथल्या छोट्या मंडळाची खजिनदार झाले (अकाउंट्सवाली आहे म्हटल्यावर दुसरं कोण होणार) आणि हिशोब उघडून बघते तर खड्डा. दिवाळीचा कार्यक्रम ऐनवेळी रद्द झालेला, हॉलचं डिपॉझिट बुडालेलं, केटररचं बिल थकलेलं. कमिटीतल्या दोघांचं म्हणणं असं की आत्ता कुणाला सांगू नको, गणपतीच्या वर्गणीत हळूच भरून काढू. मी तुमच्याकडे आले. तुम्ही परत जिमकडे गेलात, पण यावेळी खेळाडू जिमकडे नाही.

मला तोवर वाटायचं खेळाडू रिटायर झाला की कॉमेंट्री करतो, नाहीतर जाहिराती. हा माणूस 1994 मधे, खेळत असतानाच, पॉल करी नावाच्या फिल्मवाल्या मित्राबरोबर रीच नावाची संस्था काढून बसला होता, किशोरवयीन मुलामुलींसाठी. तुमचा धाकटा तिथे जाऊन आला आणि वर्षभराने पहिल्यांदा जेवताना टेबलावर बोलला, एवढंच तुम्ही सांगितलंत, मी पण पुढे विचारलं नाही.

आणि 2008 च्या जूनमधे तो मेलबर्न क्लबचा अध्यक्ष झाला. 1858 चा क्लब, देशातल्या सगळ्यात जुन्या क्लबांपैकी, आणि अवस्था काय तर सुमारे 50 लाख डॉलरचं कर्ज आणि टीम टेबलात तळाला. अध्यक्ष म्हणजे मानाचं पद, पगार नाही. याने कर्जाचा आकडा सगळ्यांसमोर ठेवला आणि लोकांकडे पैसे मागायला निघाला, मोहिमेचं नावच डेट डिमॉलिशन, म्हणजे कर्ज पाडून टाकणं. आपल्या भाषेत सांगायचं तर वर्गणी पुस्तक घेऊन दारोदार, फरक इतकाच की खड्डा किती खोल आहे ते आधी दाखवून. तुम्ही पेन्शनमधून चेक दिलात. 2010 च्या ऑगस्टमधे क्लबने जाहीर केलं की कर्ज फिटलं. मधे 2009 च्या जुलैमधे त्याने प्रेस कॉन्फरन्स घेऊन सांगितलेलं की कॅन्सर आहे. ऑपरेशनं, उपचार चालू आणि अध्यक्षपण पण चालू, ते सोडलं थेट 2012 च्या सुरुवातीला, आणि 20 मार्चला गेलाच. 45 वर्षांचा. सेंट पॉल्स कॅथिड्रलमधे सरकारी इतमामाने अंत्यविधी झाला, आत जागा नाही म्हणून बाहेर फेडरेशन स्क्वेअरमधे लोक मोठ्या स्क्रीनसमोर उभे, त्यात तुम्ही.

आता एक बोलू का, रागवू नका. इथले लोक त्याला अगदी देवच करून ठेवतात आणि मला ते तितकं पटत नाही. तो अध्यक्ष असताना टीम मैदानावर फारशी सुधारली नाही, 2011 च्या जुलैमधे जिलाँगकडून 186 पॉइंटने हरलो आणि दुसऱ्या दिवशी कोचला घरी पाठवलं. 2009 च्या सीझनमधे मुद्दाम हरले का यावरून चौकशी झाली, 2013 मधे क्लबला 5 लाख डॉलर दंड झाला, ते सिद्ध झालं नाही तरी झाला. हे मी तुम्हाला म्हटलं तेव्हा तुम्ही उठून टोमॅटोला पाणी घालायला गेलात. परत आल्यावर म्हणालात, हिशोबाचं काम त्याने केलं, बाकीचं बाकीच्यांनी बघायला हवं होतं. असेलही. मला तरी माझ्या मंडळापुरता हिशोबाचाच भाग हवा होता.

तर मी वार्षिक सभेत उभी राहिले आणि पहिल्या स्लाइडवर खड्ड्याचा आकडा टाकला, मोठ्या अक्षरात. अर्धा मिनिट कुणी बोललं नाही, मग एक काका खूप बोलले, आणि मग त्याच काकांनी पहिले 200 डॉलर दिले. सात महिन्यांत केटररचे पैसे चुकते केले. त्यांना शेवटचा हप्ता द्यायला तुम्ही पण माझ्याबरोबर आलात आणि तिथे समोशाच्या तीन प्लेटी संपवल्यात, ते मी तुमच्या डॉक्टरांना सांगणार नाही.

आणि 2021 ची ती रात्र. लॉकडाउन, कुणी कुणाच्या घरात जायचं नाही, ग्रँड फायनल मेलबर्नमधे नाही तर पर्थला. आम्ही टीव्ही खिडकीकडे वळवला, तुम्ही तुमच्या बाजूला खुर्ची, ब्लँकेट आणि रेडिओ, रेडिओ टीव्हीच्या जरा पुढे असायचा म्हणून प्रत्येक गोल आधी तुमच्या ओरडण्यावरून आम्हाला कळायचा. तिसऱ्या क्वार्टरमधे आपण 19 पॉइंटने मागे पडलो तेव्हा तुमच्याकडून आवाजच येईना, मी नवऱ्याला म्हटलं बघ रे जरा कुंपणावरून. आणि मग काय धो धो गोल! 74 पॉइंटने जिंकलो. 1964 नंतर, 57 वर्षांनी पहिल्यांदा ग्रँड फायनल जिंकली. मी कुंपणाशी आले तर तुम्ही रडत नव्हतात की काही नाही, चिमट्यांच्या डब्यातून तो पिवळा चिमटा काढून फळीवर लावून ठेवला होतात.

तो अजून तिथेच आहे, ऊन खाऊन पांढरा पडलाय.

शनिवारी मॅच दुपारची आहे, मी साडेअकराला गाडी बाहेर काढते. वडे करतेय, तुमचे बिनमिरचीचे वेगळ्या डब्यात. स्कार्फ परवा परत एकदा धुतला, डाग तेवढाच आहे.

तुमची,
बाजूची